पत्ता सांगणारच

भटक्या मंडळींमध्ये अलीकडे एक नवा शिष्टाचार रूढ झाला आहे. समुद्रकाठची एखादी निवांत जागा पाहून यायची, फोटो दाखवायचे, तोंडभर वर्णन करायचं आणि ‘कुठं आहे हो हे?’ असं कुणी विचारलं की गालात हसून ‘कोकणात आहे एक ठिकाण’ म्हणून विषय मिटवायचा. नाव सांगायचं नाही. नाव फुटलं की गर्दी होते, गर्दी झाली की कचरा होतो आणि मग जागा गेलीच, असं त्यांचं म्हणणं. जागा टिकवायची तर तोंड बंद ठेवा. असं सांगणारे बहुधा पुण्या-मुंबईचे असतात, वाचणारे असतात, आपला कचरा पिशवीत भरून परत आणणारे असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्या युक्तिवादात मात्र काही दम नाही, आणि हे जालन्यात बसून जरा जास्तच स्पष्ट दिसतं.

जालन्याहून समुद्र लांब. आमच्याकडे समुद्र पाहायला जाणं हे शनिवार-रविवारचं काम नाही. लग्नानंतर एकदा, पोरांची दहावी झाली की एकदा, किंवा मोसंबीला बरा भाव मिळाला त्या वर्षी एकदा, असा तो योग येतो. मग ट्रॅव्हल्सची बस ठरते आणि बस निघते गणपतीपुळ्याला. तिथून मालवण, तारकर्ली, की परत. दरवर्षी तीच नावं का? कारण दुसरी कुणी सांगितलेलीच नाहीत. नाताळच्या आठवड्यात गणपतीपुळ्याला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हीच नाव लपवणारी मंडळी नाकाला रुमाल लावून ‘मास टुरिझम’वर बोलतात. शेकडो मैलांच्या किनाऱ्यावरची चारच नावं लोकांच्या हाती द्यायची आणि मग लोक त्या चारच ठिकाणी कोंबले जातात म्हणून त्यांनाच बोल लावायचा, हा कुठला न्याय?

म्हणून मी नाव घेऊनच बोलतो. आंबोळगड. राजापूर तालुक्यात, राजापूरच्या खाडीच्या मुखाशी, उत्तरेच्या अंगाला जमिनीचं एक टोक समुद्रात घुसलं आहे. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, दक्षिणेला खाडीचं रुंद मुख, पलीकडच्या काठावर जैतापूर आणि माडबन. वाटेत नाटे, साखरीनाट्याचं मच्छीमार बंदर, यशवंतगडाचे जांभ्या दगडातले बुरूज, मुसाकाजीचा धक्का. आंबोळगडाच्या किल्ल्यात आता पडकी तटबंदी आणि झाडोरा, बाकी फारसं काही नाही. ‘मग तिथं बघायचं काय?’ असं आमचा बसवाला विचारील. बघण्यापेक्षा तिथं चालायचं असतं. ओहोटी लागली की कड्याखालचे खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत पाणी अडकून राहतं, आणि त्या वीतभर पाण्यात खेकडे, शंख, समुद्रफुलं असा सगळा संसार चालू असतो. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं काटक्यांचं भलंमोठं घरटं दिसलं तर नशीब. आणि गावांच्या पाठीशी सडा.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यात तो काळाकोरडा असतो, अनवाणी पाऊल टाकलं तर पोळतं. जूनचे पहिले पाऊस झाले की त्याच कातळाच्या भेगांमधून दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती कोकणच्या पट्ट्याबाहेर कुठे आढळत नाही. पुढे श्रावण-भाद्रपदात पाणथळ जागी सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, दिसायला नाजूक आणि खायला किडे. आणि याच कातळावर कोरलेली चित्रं आहेत. देवाचे गोठणे, रुंढे तळी, बारसू, देवीहसोळ, कशेळी, ही सगळी राजापूर तालुक्यातली गावं. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. भर दुपारी गेलात तर यातलं काही दिसणार नाही. नुसता खडबडीत दगड. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जावं. तिरपं ऊन पडलं की खोदलेल्या रेषेच्या एका कडेला सावली धरते, आणि जिथे आपण आत्ता उभे होतो तिथे प्राण्याचा पाय होता हे कळून माणूस चटकन बाजूला सरतो.

आता मूळ मुद्दा. नाव लपवायचं म्हणता, ते कुणापासून?

माडबनचंच बघा. खाडीपलीकडचं हे गाव वीस वर्षांपूर्वी कोणत्या पर्यटकाला माहीत होतं? कुणालाच नाही. म्हणजे गुप्ततावाद्यांच्या हिशेबाने ते पुरतं सुरक्षित होतं. 2010च्या डिसेंबरात फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीशी करार झाला आणि या गावाच्या सड्यावर प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॉट, बांधायचं ठरलं. पुढच्या एप्रिलमध्ये आंदोलनात गोळीबार झाला आणि साखरीनाट्याचा एक तरुण मच्छीमार गेला. तेव्हा कुठे महाराष्ट्राने जैतापूर नकाशात शोधलं. प्रकल्प हवा की नको हा वेगळा वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही. मी एवढंच विचारतो की जगाला माहीत नसल्यामुळे माडबन वाचलं का? बारसूचं तेच. 2023च्या एप्रिलमध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्तात गाड्या सड्यावर चढल्या, त्यांना पत्ता कुणी चोरून सांगितला नव्हता. ज्यांच्या हाती सातबारा आणि नकाशे असतात त्यांच्यापासून कोणतीच जागा लपत नाही. महसुलाच्या दप्तरात सडा म्हणजे पोटखराबा, आणि पोटखराबा म्हणजे स्वस्तात मिळणारी जमीन. जमिनीच्या दलालाला एवढी माहिती पुरते. तुमच्या मौनामुळे ती जागा लपते फक्त जालन्याच्या शिक्षकापासून, परतूरच्या शेतकऱ्यापासून, अंबडच्या कापड दुकानदारापासून. ज्यांच्या हातून फार तर वेफर्सचं पाकीट पडेल त्यांच्यापासून लपवायचं, आणि ज्यांच्या हाती पोकलेन आहे त्यांना दार उघडंच.

सड्यावरून हिंडताना चिऱ्याची खाण एकदा तरी जवळून पाहावी. कटरची दातेरी चकती कातळात सरळ रेषेत फिरते, मग आडवी फिरते, आणि जमिनीचे चौकोनी तुकडे होऊन बाहेर निघतात. माणसांच्या भुवयांवर, पापण्यांवर, डब्याच्या झाकणावर सगळीकडे तांबडी भुकटी. खाण जुनी झाली की मागे उरतो काटकोनात कापलेला खड्डा, पावसाळ्यात पाण्याने भरणारा. आता हेही खरं की त्याच चिऱ्याने कोकणात घरं बांधली जातात, गावातल्या माणसांना रोजगार मिळतो, आणि खाणीत काम करणाऱ्याला शिव्या घालून काही साधत नाही. पण त्या खड्ड्याच्या जागी आधी काय कोरलेलं होतं हे सांगायला कुणी उरत नाही. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं गावोगाव हिंडले, गुराख्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत राहिले, एकेक चित्र मोजून नोंदवत गेले. त्यांनी काय केलं? पत्ते गोळा केले आणि जगाला सांगितले. म्हणून 2022मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि म्हणून आज बारसूच्या सड्यावर कुणी काही करू म्हटलं की ‘तिथली शिल्पं?’ हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. हे शिष्टाचार पाळून गप्प बसले असते तर?

वेळासची गोष्ट तर याहून सरळ आहे. मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या तिथे अंडी घालायला येत आणि अंडी माणसं, कुत्री, कोल्हे यांच्या पोटात जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002पासून तिथे संवर्धनाचं काम सुरू केलं, नंतर कासव महोत्सव भरवला, लोकांना उघड बोलावलं. घराघरांत पाहुण्यांची सोय झाली, पाहुण्यांमागून पैसा आला, आणि जिवंत कासव गावाला अंड्यांपेक्षा फायद्याचं ठरलं. आज घरट्यांवर पहारा गावातलीच माणसं देतात. वेळासचं नाव गुलदस्त्यात ठेवून यातलं एक तरी घडलं असतं, असं कुणी मला पटवून द्यावं.

यावर हमखास पुढे येतं ते कास. साताऱ्याजवळचं हे पठार 2012मध्ये सह्याद्रीतल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत आलं आणि पुढे मोसमात रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागल्या, फुलांत लोळून फोटो काढणारेही आले. हे खरं आहे. प्रतिपक्षाचा हाच एक वजनदार पुरावा आहे आणि तो मी उडवून लावत नाही. पण कासला पुढे काय झालं तेही बघा. आजूबाजूच्या गावांच्या समित्यांनी वनखात्याबरोबर कारभार हातात घेतला, शुल्क लावलं, नोंदणी सुरू केली, दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घातली. त्रुटी असतील, आहेतच. तरी जे काही सावरलं गेलं ते दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. कासकडून शिकायचं ते इतकंच की हे दार गर्दी येण्याआधी उभं राहायला हवं होतं. मोटारी पुळणीवर घालणाऱ्यांचंही तसंच. गुहागर असो, हर्णै असो, भरती आल्यावर वाळूत रुतलेल्या महागड्या गाडीचा फोटो दर सुट्टीत पेपरात येतो. त्यावर उपाय दोन दगडी खांब आणि दंडाची पावती. किनाऱ्याचं नाव पुसून टाकणं हा कसला उपाय?

मला आश्चर्य याचं वाटतं की गर्दी ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. भोकरदन तालुक्यात राजूरला अंगारकी चतुर्थीला लाखो माणसं येतात. रात्रीपासून पायी निघालेले लोंढे, जादा एसट्या, पाण्याची सोय, रांगांचे बांबू, सगळं गाव आणि प्रशासन मिळून करतं. राजूरच्या गणपतीचा पत्ता कुणाला सांगू नका, असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

आणि पत्ता लपवण्याची एक किंमत आहे, ती जिवाची. मराठवाड्यातला पोरगा विहिरीत पोहायला शिकतो. पाठीला डबा बांधून वरून ढकलून देतात, आणि आठवड्याभरात तो काठावरून सूर मारू लागतो. त्याला वाटतं, पोहणं आलं. पण विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्र ओढतो, आणि परतीच्या प्रवाहात सापडलेला माणूस काठाकडे सरळ पोहत राहिला की दमून बुडतो. त्याने आधी किनाऱ्याला समांतर सरकायचं असतं. हे त्याला कुणी सांगायचं? ज्या किनाऱ्याला नाव नाही तिथे फलक लागत नाही, जीवरक्षक नेमला जात नाही, धोक्याची दोरी बांधली जात नाही. आंबोळगडच्या खडकांवर ओहोटीला पुढपर्यंत चालत जाता येतं आणि भरती लागली की मागची वाट पाण्याखाली जाते. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पाहुण्याला सांगावं लागतं, आणि सांगायचं तर तो येणार हे आधी मान्य करावं लागतं.

खरं तर आमच्या माणसाला भरतीचं गणित समजायला वेळ लागणार नाही. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे साधारण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पहाटे तीन तसेच दुपारी तीन. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. ज्या घरात चतुर्थीचा उपवास धरतात त्या घराला हे एकदा सांगितलं की पुरे.

आता एक कुजबूज उघड करून टाकतो. नाव लपवणाऱ्यांच्या बोलण्यात कधी कधी ‘घाटावरची गर्दी’, ‘मराठवाड्याच्या बसा’ असे शब्द डोकावतात. या लोकांना निसर्गाची कदर नाही, असा त्याचा अर्थ. ठीक आहे, पाण्याचंच बोलू. जालन्याला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पडला तर. राजापूरला तीन हजारांच्या पुढे. तरीही एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो, कारण जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि सड्यावर काही थांबत नाही. अशा गावात बेसिनचा नळ सोडून दाढी करणारा पाहुणा परवडेल, की निम्म्या बादलीत आंघोळ उरकणारा? निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव 2012-13च्या दुष्काळाच्या सुमारास तळाला गेला तेव्हा जालनेकरांनी वर्गण्या काढून त्यातला गाळ उपसला. पाण्याची कदर आम्हाला मुंबईच्या माणसाने शिकवायला नको. बाकी आमचेही लोक गुटख्याच्या पिचकाऱ्या मारतात, ते मी नाकारत नाही. त्यांना तिथल्या तिथे झापावं, दंड करावा. त्याला प्रदेश आडवा येत नाही.

शेवटी गावाचं काय म्हणणं आहे, हेही कुणीतरी विचारावं. 2001च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजार होती आणि जालना जिल्ह्याची 16 लाख 13 हजार. दहा वर्षांनी जालना 19 लाख 59 हजारांवर गेला आणि रत्नागिरी 16 लाख 15 हजारांवर उतरला. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही लोकसंख्या घटली. कुलुपं लागलेली घरं, गणपतीत आणि शिमग्याला उघडणारी, ही कोकणातल्या गावागावांची स्थिती आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. आंब्याचं एक वर्ष लागतं, एक बुडतं. अशा गावातल्या एखाद्या वहिनीने दोन खोल्या झाडूनपुसून, निवास-न्याहारीची पाटी लावून पाहुण्यांची वाट बघावी आणि ‘गाव शांत राहू दे’ म्हणून पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या माणसाने तिचा पत्ता लपवावा! ही शांतता गावाला किती रुपयांना पडते, याचा हिशेब कुणी केला आहे? शांतता आवडणाऱ्यांपैकी काहींनी तिथे एकेक एकराचे प्लॉट आधीच घेऊन ठेवले आहेत, हे मी हळूच नमूद करतो.

किनारा नियमन क्षेत्राच्या 2019च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. त्या बदलावर या मंडळींपैकी किती जणांनी हरकत नोंदवली? फोटोखाली नाव न लिहिणं त्यापेक्षा सोपं आहे, हे कबूल.

तेव्हा आमच्याकडच्यांसाठी लिहितो. जालन्याहून मुंबईची वंदे भारत 30 डिसेंबर 2023ला सुरू झाली, आता ती नांदेडहून सुटते. मुंबईत उतरून कोकण रेल्वेने राजापूर रोडला जाता येतं, पण ते स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, उतरल्यावर वाहन ठरवून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर पुणे, कराड, मलकापूर, मग अणुस्कुरा घाट उतरून पाचल, ओणी, राजापूर. सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, एका दिवसात मारायचा हट्ट धरू नका. कराडला मुक्काम करा. अणुस्कुरा पावसाळ्यात धुक्यात असतो, दिवसा उतरा. राजापूरहून धारतळे, नाटे, आंबोळगड. राहायचं गावातच, जेवायचं त्यांच्याकडेच, आणि मासे खात नसाल तर आदल्या दिवशी सांगा, भाजीची तयारी करावी लागते. सड्यावर जाताना टोपी आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी. कातळशिल्पावर बूट घालून चढायचं नाही, रेषा खडूने गिरवायच्या नाहीत. समुद्रात गुडघ्याच्या वर उतरायचं नाही, विहिरीत कितीही सूर मारले असले तरी. निघायच्या आधी तिथी बघून ठेवा.